डायनॅमो बदलायचा की बाबांचं ऐकायचं?

पत्र थोडक्यात: पुण्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आलंय. वडिलांची १९७५ सालची प्रीमियर पद्मिनी गेली चार वर्षं त्या सांभाळतात. वडील ७८ वर्षांचे, डोळ्यांमुळे त्यांनी गाडी चालवणं सोडलंय. रविवारी सकाळी वडिलांना शेजारी बसवून त्या कोथरूडहून डेक्कनला जातात, नाश्ता करून परत येतात. एखादा रविवार चुकला की पुढच्या वेळी सेल्फ फिरत नाही आणि सोसायटीतल्या मंडळींना धक्का मारायला बोलवावं लागतं. चार वर्षांत तीन बॅटऱ्या झाल्या. दोन वर्षांपूर्वी जुना रंग पूर्ण खरवडून नवा मारला, त्यानंतर त्रास वाढला. त्याच सुमारास बहिणीच्या यजमानांनी हौसेनं नवा स्टिरिओ आणि चोरीच्या भीतीनं जीपीएस ट्रॅकर बसवून दिला. मेकॅनिक म्हणतो, "हा डायनॅमो काढा, अल्टरनेटर टाका, सुटाल." वडील म्हणतात, डायनॅमो काढला तर मी त्या गाडीत बसणार नाही. भगिनींचे यजमान म्हणतात, विकून टाक. गाडीला पन्नास वर्षं झाल्यामुळे व्हिंटेज नोंदणीचाही (जुन्या, जपलेल्या गाड्यांची खास सरकारी नोंदणी) विचार घरात चालू आहे; अल्टरनेटर बसवला तर त्यात कुणी अडवेल का, अशी भगिनींना चिंता आहे. भगिनींचा प्रश्न: "बाबांचं मन मोडू, की दर पंधरा दिवसांनी धक्का मारू?"

---

नमस्कार ताई,

तुमचं पत्र वाचताना मी मल्टिमीटरचं (व्होल्ट, अँपिअर मोजायच्या यंत्राचं) एखादं रीडिंग कुठे लिहिलंय का ते शोधत होते. सापडलं नाही. तीन माणसांची तीन ठाम मतं आहेत, तीन बॅटऱ्यांचा खर्च आहे, पण बॅटरीवर किती व्होल्ट होते हे चार वर्षांत कुणी मोजलेलं दिसत नाही. म्हणून तुमचा प्रश्न मी जरा बाजूला ठेवते. डायनॅमो आणि अल्टरनेटर ही दोन्ही इंजिनानं फिरणारी, बॅटरी भरणारी यंत्रं; डायनॅमो जुन्या पद्धतीचा, अल्टरनेटर नव्या. त्यांचा हा वाद डायनॅमो बिघडलाय असं धरून चाललाय, आणि त्याचा पुरावा अजून कुणी दिलेला नाही.

तुमच्याच पत्रातली एक ओळ मला जास्त बोलकी वाटली. गाडी रविवारी नेली की पुढच्या रविवारी चालू होते, पंधरा दिवस उभी राहिली की होत नाही. म्हणजे बिघाड गाडी उभी असताना होतोय. उभ्या गाडीत डायनॅमो काहीच करत नाही, आणि त्याच्या जागी अल्टरनेटर असता तर त्यानेही काही केलं नसतं. इंजिन फिरलं तरच दोघांना काम.

मग उभ्या गाडीत बॅटरी खातंय कोण? १९७५ मध्ये कारखान्यातून निघालेल्या पद्मिनीत किल्ली काढल्यावर वीज खाणारं जवळपास काहीच नव्हतं. तुमच्या गाडीत आता दोन गोष्टी रात्रंदिवस जाग्या आहेत: स्टिरिओची मेमरी आणि तो ट्रॅकर. दोघं मिळून समजा ५० मिलिअँपिअर घेतात. आकडा किरकोळ वाटतो, पण दिवसाचे होतात १.२ अँपिअर-अवर (एक अँपिअर तासभर वाहिला की एक अँपिअर-अवर), आठवड्याचे ८.४ आणि पंधरवड्याचे जवळजवळ १७. तुमची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची असेल तर निम्मी रिकामी झाली, तेही ती नवी आणि पूर्ण भरलेली होती असं धरून. पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यात बॅटरी स्वतःहूनही थोडी उतरते, ते वेगळंच.

आता जमेची बाजू बघा, कारण हा सरळ जमाखर्चाचा मामला आहे. कोथरूड ते डेक्कन, जाऊन-येऊन फार तर ४० मिनिटं. त्यातली निम्मी कर्वे रस्त्यावरच्या सिग्नलांना आणि नळ स्टॉपच्या गर्दीत. डायनॅमोचा स्वभाव असा की इंजिन आयडलिंगवर (गाडी उभी, इंजिन मंद चालू) असताना तो बॅटरीला काही देत नाही. रेग्युलेटर म्हणजे चार्जिंग आवरणारी पेटी; तिच्यातला कट-आउट नावाचा आपोआप चालणारा स्विच तेव्हा उघडा असतो, बॅटरी आणि डायनॅमोचा संबंध तुटलेला असतो. इंजिनाचा वेग वाढला, डायनॅमोचा दाब (व्होल्टेज) बॅटरीच्या वर गेला, की कट-आउट जुळतो आणि चार्जिंग सुरू होतं. म्हणजे तुमच्या रविवारच्या फेरीत खरं चार्जिंग २० मिनिटं. सरासरी १० अँपिअर गेले असं उदारपणे धरलं तरी जमा झाले साधारण ३.३ अँपिअर-अवर. आठवड्याचा खर्च ८.४ आणि जमा ३.३. डायनॅमो ठणठणीत असला तरी हा हिशेब जुळणार नाही.

अल्टरनेटर असता तर? तो आयडलिंगलाही देतो, त्यामुळे जमा बरीच वाढली असती. आठवड्याचा हिशेब कदाचित कसाबसा जुळला असता. पण एक रविवार चुकला की तुम्ही पुन्हा धक्क्यावरच. शिवाय शिशाच्या बॅटरीचा एक हट्ट असतो. उतरलेली असताना ती भराभर घेते, पण शेवटचा पाचवा हिस्सा भरायला काही तास लावते. ४० मिनिटांत ती कोणत्याही यंत्रानं पूर्ण भरत नाही. आणि कायम अर्धवट भरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचा कडक थर बसतो, तो पुन्हा विरघळत नाही. तुमच्या तीन बॅटऱ्या बहुधा अशाच गेल्या. दुकानदारानं तीनदा नवी बॅटरी विकली, त्याला दोष देता येत नाही. त्याच्याकडे आलेली बॅटरी खरंच मेलेली होती.

हे सगळं माझं अनुमान आहे. ते खरं की खोटं हे तुम्ही स्वतः एका सकाळी ठरवू शकता. काही शे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर घ्या. मेकॅनिक तुमच्याशी न बोलता यजमानांशी बोलतो असं तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलंय. हातात आकडे असले की तो तुमच्याशी बोलेल. निदान त्याला बोलावं लागेल.

रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळी, किल्ली फिरवायच्या आधी मोजा. १२.६ किंवा त्याच्या वर असेल तर पूर्ण भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे पाव. बारा व्होल्टची बॅटरी १२ व्होल्ट दाखवते म्हणजे छान आहे, असं समजणारे मेकॅनिकही भेटतात. ती जवळजवळ संपलेली असते. बॅटरीला झाकणं असतील तर हायड्रोमीटरनं सहाही खणांतल्या ॲसिडची घनता बघा. सगळे खण साधारण सारखे हवेत. एखादा खण इतरांपेक्षा ०.०५० किंवा त्याहून जास्त खाली असेल तर ती बॅटरी गेली, मग बाकी तपासण्या तिच्यावर करण्यात अर्थ नाही. पाणी कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घाला. "थोडं ॲसिड टाकून जोर आणतो" म्हणणाऱ्याला नम्रपणे परत पाठवा.

दुसरी तपासणी गळतीची. दारं बंद, सगळे दिवे बंद, किल्ली बाहेर. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावा आणि काढलेली वायर व बॅटरीचा निगेटिव्ह खांब यांच्यामध्ये जोडा. मीटर असा लावलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटर जळेल. तुमच्या गाडीत आकडा जवळपास शून्य यायला हवा. ३०, ५०, ८० मिलिअँपिअर आले तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडतो तिथे चोर आहे. ट्रॅकर बऱ्याचदा फ्यूजच्या आधीच थेट बॅटरीवर जोडलेला असतो, त्याची वायर वेगळी सोडवून बघा. सगळं काढूनही गळती राहिली तर रेग्युलेटरकडे संशयानं बघायचं.

तिसरी तपासणी चार्जिंगची. इंजिन सुरू करा आणि बॅटरीच्या खांबांवरच मोजा. आयडलिंगला आकडा १२.५च्या आसपास रेंगाळेल आणि लाल दिवा मंद जळेल किंवा लुकलुकेल. डायनॅमोच्या गाडीत हा दोष नाही. नव्या गाड्यांची सवय झालेल्यांना तो बिघाड वाटतो, आणि किती तरी चांगले डायनॅमो याच गैरसमजापायी भंगारात गेलेत. आता ॲक्सिलरेटर दाबून इंजिन रस्त्यावर चालताना असतं तेवढ्या आवाजावर आणा. आकडा १३.८ ते १४.४ मध्ये आला तर डायनॅमो आणि रेग्युलेटर दोघंही कामात आहेत. हेडलाइट लावूनही १३.५च्या खाली गेला नाही तर वाद संपला, तुमच्या वडिलांचं बरोबर आहे. १३च्या पुढे सरकलाच नाही तर शोध पुढे न्यायचा. १५च्या वर गेला तर मात्र इंजिन बंद करा आणि दुरुस्त होईपर्यंत गाडी चालवू नका.

लाल दिव्याबद्दल आणखी एक. तो विझला म्हणजे चार्जिंग होतंय, असं सगळे धरून चालतात. तो दिवा डायनॅमो आणि बॅटरी यांच्यामध्ये जोडलेला असतो आणि दोन्हीकडचा दाब सारखा झाला की विझतो, एवढंच. किती अँपिअर जात आहेत हे त्याला सांगता येत नाही. म्हणून त्याच्या भरवशावर बॅटरीचं आयुष्य सोपवू नका.

आता रंगाकडे येते, कारण तुमच्या पत्रातली ही दुसरी बोलकी ओळ. गाडी खरवडून नवा रंग मारला आणि त्यानंतर त्रास वाढला. या गाड्यांत प्रत्येक विजेचा परतीचा रस्ता पत्र्यातून आहे. रंगारी पत्रा उघडा करतो, प्रायमर मारतो, रंग मारतो, आणि फिटर अर्थिंगचे बोल्ट त्या चकचकीत रंगावरच घट्ट करतो. दिसायला सुंदर, विजेला भिंत. इंजिनापासून बॉडीपर्यंत जाणारी विणलेली अर्थ पट्टी, बॅटरीची अर्थ वायर आणि रेग्युलेटरचा तळ या तिन्ही ठिकाणी बोल्ट काढून खालचा पत्रा पॉलिश पेपरनं लखलखीत करा, बोल्ट कसा आणि वरून व्हॅसलीन लावा. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगून तेवढ्या वेळात बॅटरीचा निगेटिव्ह खांब आणि इंजिनाचा ब्लॉक यांच्यातला व्होल्टेज मोजा. अर्ध्या व्होल्टच्या आत हवा, ०.२च्या आसपास असेल तर उत्तम. जास्त आला तर सेल्फचा जोर त्या खराब अर्थिंगमध्येच जातोय आणि शिव्या बॅटरीला बसतायत.

रेग्युलेटरची अर्थिंग खराब असण्याचा परिणाम याच्या अगदी उलटा होऊ शकतो. रेग्युलेटरला दाबाचा अंदाजच येत नाही, डायनॅमो मोकाट सुटतो आणि लांबच्या प्रवासात बॅटरी उकळते. तुमच्या तीन बॅटऱ्यांपैकी एखादीचं पाणी भराभर आटायचं का, वरच्या झाकणाभोवती पांढरट बुरशी धरायची का, हे आठवून बघा. तसं असेल तर ती बॅटरी उपासमारीनं न जाता अति खाऊन गेली, आणि वरचा माझा सगळा हिशेब तिला लागू नाही.

समजा तपासण्यांत खरंच डायनॅमो कमी पडतोय असं निघालं. तरी तो लगेच टाकून द्यायची वेळ येत नाही. आधी पट्टा बघा. दोन पुलींमधल्या सर्वांत लांब भागावर अंगठ्यानं दाबला तर साधारण अर्धा इंच दबायला हवा. सैल पट्टा घसरतो, चार्जिंग पडतं आणि इंजिनही तापतं, कारण पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर आहे. फार कसला तर डायनॅमोचं बेअरिंग जातं. मग कार्बन ब्रश. ते झिजतात, होल्डरमध्ये अडकतात. नवे टाकणं हा किरकोळ खर्च आहे. कॉम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल भाग) काळा पडला असेल तर घासून घ्यायचा आणि तांब्याच्या पट्ट्यांमधल्या खाचा मोकळ्या करायच्या; जुने इलेक्ट्रिशियन हे काम हॅक्सॉच्या तुटक्या पात्यानं करतात आणि अतिशय देखणं करतात. मागच्या बुशला तेलाचं छिद्र असेल तर सर्व्हिसिंगच्या वेळी इंजिन ऑइलचे दोन-तीन थेंब. जास्त नको, ते ब्रशवर जातं. आर्मेचर (आतला फिरणारा, तारा गुंडाळलेला भाग) जळालं असेल तर रिवायंडिंग करणारी माणसं पुण्यात अजून आहेत. नाना पेठेत स्पेअर पार्ट्सच्या दुकानांत चौकशी केलीत तर दोन-तीन पत्ते मिळतील. आधी मोटार रिवायंडिंगचा अनुभव विचारा, मग दर.

डायनॅमो बरेच दिवस पडून राहिला, किंवा उघडून पुन्हा बसवला, तर त्याच्या लोखंडातलं उरलंसुरलं चुंबकत्व जातं किंवा उलटं होतं. मग तो फिरतो पण वीज तयार करत नाही. त्याला फील्डच्या टर्मिनलवर बॅटरीचा क्षणभर स्पर्श देऊन पुन्हा जागं करतात. पद्धत डायनॅमोच्या आणि रेग्युलेटरच्या जातीप्रमाणे बदलते आणि चुकली तर रेग्युलेटरचे पॉइंट जळतात, म्हणून हे जाणत्याकडूनच करून घ्या. पण ही शक्यता त्याला विचारा जरूर. नव्या पिढीतल्या मुलांना अल्टरनेटरच माहीत असतात आणि ते डायनॅमो "डेड" म्हणून मोकळे होतात.

मेकॅनिकची बाजूही ऐकून घेऊ, कारण तो पूर्ण चुकीचा नाही. त्या काळच्या डायनॅमोची ताकद साधारण २०-२२ अँपिअरची. दोन ५५ वॉटचे हेडलाइट ९ अँपिअर घेतात, पार्किंग, टेल आणि नंबर प्लेटचे दिवे मिळून दोन, इग्निशन कॉइल तीन-चार, वायपर दोन-तीन. पावसाळी रात्री खंडाळ्याचा घाट चढताना डायनॅमो जेमतेम पुरतो आणि बॅटरीसाठी फारसं उरत नाही. कुणी नव्वद-शंभर वॉटचे बल्ब टाकले असतील तर तेही पुरत नाही. ज्यांची जुनी गाडी रोज कामावर जाते, रात्री हायवेला लागते, किंवा जिच्यात नंतर एसी बसवलाय, त्यांना मी अल्टरनेटरच सांगेन. तो हलका असतो, आयडलिंगला चार्ज करतो, त्याला कट-आउट लागत नाही कारण ते काम आतले डायोड करतात, आणि ब्रश गुळगुळीत रिंगांवर फिरत असल्याने वर्षानुवर्षं टिकतात. जगभरच्या मोटार कंपन्या साठच्या दशकापासून तिकडे वळल्या त्या उगाच नाही.

पण तुमची गाडी रविवारी सकाळी उजेडात नाश्त्याला जाते.

वडिलांची बाजू फक्त भावनेची आहे असं तुम्ही गृहीत धरलंय, तेही मला पटलेलं नाही. डायनॅमोच्या हट्टात व्यवहारही आहे. बॅटरी पार झोपलेली असताना अल्टरनेटरला सुरुवात करायला बाहेरून थोडी वीज लागते. डायनॅमो स्वतःच्या चुंबकत्वावर उठतो, त्यामुळे धक्का मारून गाडी सुरू होण्याची शक्यता जास्त. तो गावच्या इलेक्ट्रिशियनलाही उघडता येतो. आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी रस्त्यावर असताना सत्तरच्या दशकातल्या टॅक्सीवाल्यांनी डायनॅमोवरच दिवसरात्र धंदा केला. त्यांची बॅटरी का टिकायची? गाडी उभीच राहत नव्हती. वडिलांना "डायनॅमो काढायचा का?" असं विचारण्याऐवजी "चार्जिंग तपासताना माझ्या शेजारी उभे राहाल का?" असं विचारा. डोळ्यांनी मीटर वाचता आला नाही तरी आयडलिंगचा आणि कट-आउट जुळल्यानंतरचा इंजिनाचा आवाज तुमच्यापेक्षा त्यांना नक्की ओळखता येईल, आणि तुम्हाला त्याचा उपयोग होईल.

व्हिंटेज नोंदणीबद्दल. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली गाडी त्यासाठी चालते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, आणि नंबर प्लेटवर "व्हीए" येतं. अल्टरनेटर बसवला म्हणून कुणी अडवेल का, याची चिंता तुम्ही करताय. त्यापेक्षा मोठी गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली आहे: अशी नोंदणी झालेली गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती, अशा ठरावीक कामांसाठीच. म्हणजे दर रविवारचा डेक्कनचा नाश्ता नियमात बसणार नाही आणि गाडी आणखी उभी राहील. मी तुमच्या जागी असते तर सध्याची नोंदणी चालू ठेवली असती.

मग करायचं काय? माझ्या मते सर्वांत आधी बॅटरीच्या निगेटिव्हला एक कट-ऑफ स्विच बसवा. पितळी खटक्याचा साधा स्विच स्वस्तात मिळतो. गाडी लावली की खटका बंद, गळती शून्य. स्टिरिओ आपली स्टेशनं विसरेल, विसरू दे. ट्रॅकरला स्वतःची छोटी बॅटरी असलेला प्रकार घ्या, किंवा सरळ काढून टाका. खटका बंद असलेली गाडी किल्ली मिळाली तरी चोराला सहजासहजी सुरू करता येत नाही, त्यामुळे सुरक्षेतही फार काही जात नाही. त्याच्या जोडीला महिन्यातून एकदा बॅटरी पूर्ण भरायची. सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्लग नसतो हे मला माहीत आहे. मग बॅटरी काढून घरी नेऊन बाल्कनीत ठेवा; काढताना आधी निगेटिव्ह, बसवताना ती शेवटी. स्वतःहून थांबणारा स्मार्ट चार्जर घ्या. जुना ट्रान्सफॉर्मरचा चार्जर वापरत असाल तर ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला साडेतीन अँपिअरच्या वर जाऊ नका आणि रात्रभर लावून झोपू नका. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो, म्हणून जवळ देवघरातली समईसुद्धा नको.

आणि रविवारचा रस्ता बदला. डेक्कनऐवजी पाषाण, सूस, किंवा सकाळी लवकर निघून पानशेतच्या दिशेनं. तासभर सलग चाललेली गाडी आठवड्यात एकदा मिळाली तर डायनॅमोला त्याचं काम करायला जागा मिळते. नाश्ता वाटेतही मिळतो.

कधी अल्टरनेटर घालायचाच ठरला तर असा घाला की परत जाता येईल. डायनॅमो, रेग्युलेटर, ब्रॅकेट काढून तेल लावून खोक्यात ठेवा, कुठेही पत्रा कापू देऊ नका. जुनी वायर २० अँपिअरची, त्यातून ४० अँपिअर गेले तर ती तापते आणि आग लागते. अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत नवी जाड वायर आणि फ्यूज हवाच. लाल दिव्याच्या जागी एलईडी टाकू नका, बऱ्याच अल्टरनेटरना सुरुवातीची वीज त्या साध्या बल्बमधूनच मिळते. हेडलाइटला रिले (स्विचच्या इशाऱ्यावर जास्त प्रवाह जोडणारा विजेचा खटका) मात्र डायनॅमो असो वा अल्टरनेटर, आजच बसवा. स्विचचा भार जातो आणि उजेड लगेच वाढतो.

गॅरेजमध्ये एका गोष्टीला ठाम नकार द्या. चार्जिंग होतंय का बघायला चालू इंजिनात बॅटरीचं टर्मिनल उपटून दाखवणारे उस्ताद अजून आहेत. अल्टरनेटरचे डायोड त्यात जागच्या जागी जातात, डायनॅमोच्या गाडीत दाब उसळून बल्ब आणि तुमचा नवा स्टिरिओ जातो. आणि इंजिन बंद केल्यावरही डायनॅमो तापतच चालला असेल किंवा रेग्युलेटरमधून जळका वास येत असेल तर कट-आउटचे पॉइंट चिकटलेत असं समजा. बॅटरी उलट दिशेनं डायनॅमोत रिकामी होत असते आणि वायरिंग काही मिनिटांत पेट घेऊ शकतं. तेव्हा विचार न करता निगेटिव्ह सोडवायची. कट-ऑफ स्विच बसवलेला असेल तर हे एका हाताचं काम.

इतर वाचकांपैकी ज्यांच्याकडे लँडमास्टर, जुनी मॉरिस किंवा तशा विलायती घराण्यातल्या गाड्या आहेत, त्यांनी वरचं काहीही करण्याआधी बॅटरीचा कोणता खांब बॉडीला जोडलाय ते बघावं. त्यातल्या कित्येकींत पॉझिटिव्ह अर्थ आहे; तिथे मी जिथे जिथे निगेटिव्ह म्हटलंय तिथे पॉझिटिव्ह वाचा, आणि आजचा स्टिरिओ किंवा अल्टरनेटर तसाच जोडू नका. जुनी जीप किंवा बीटल सहा व्होल्टची असेल तर आकडे निम्मे करा आणि वायरी मात्र जाड ठेवा. तेवढ्याच कामाला तिथे दुप्पट अँपिअर लागतात, आणि बारा व्होल्टच्या गाडीची सेल्फची वायर तिथे लावली की गाडी थंडीत उठत नाही.

ताई, गळतीचा आकडा आणि सकाळचे व्होल्ट मोजून मला कळवा. ५० ऐवजी ५ मिलिअँपिअर निघाले तर माझं म्हणणं मी मागे घेईन आणि आपण रेग्युलेटर उघडू.